एक अष्टमांश

१८९१ सालच्या सप्टेंबरात न्यू ऑर्लिन्समधल्या अठरा जणांनी ‘कोमिते दे सितोयाँ’, म्हणजे नागरिकांची समिती, स्थापन केली. रेल्वेत काळ्या-गोऱ्यांना वेगळे डबे सक्तीचे करणारा लुईझियाना राज्याचा कायदा कोर्टात पाडायचा, एवढंच तिचं काम. त्यासाठी आपणहून अटक करवून घेणारा माणूस हवा होता आणि तो शोधणं भलतंच अवघड होऊन बसलं. समितीचा वकील अल्बियन टूरजे दूर न्यू यॉर्क राज्यातल्या मेव्हिल गावी राहत होता. माणूस दिसायला गोरा आणि कायद्याच्या लेखी काळा असावा, असा त्याचा आग्रह. समितीचा कणा असलेला लुई मार्टिनेट स्वतः वकील, शिवाय डॉक्टर, शिवाय ‘क्रुसेडर’ या वर्तमानपत्राचा संपादक. त्याने टूरजेला कळवलं की आमच्या शहरात असा माणूस गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला तर त्याला कोणी हटकणारच नाही. दिसायला गोरे असलेले इथले कितीतरी ‘काळे’ रोज बिनबोभाट हवं तिथे बसतात.

या शहराची घडण ठाऊक असल्याशिवाय ही अडचण कळायची नाही. १७१८ मध्ये फ्रेंचांनी वसवलेलं न्यू ऑर्लिन्स पुढे स्पेनकडे गेलं, पुन्हा फ्रेंचांकडे आलं आणि १८०३ मध्ये अमेरिकेने लुईझियानाचा सगळा मुलूखच विकत घेतला, त्यात तेही गेलं. उरलेल्या अमेरिकेत गोरे आणि काळे असे ढोबळमानाने दोनच वर्ग होते. इथे तीन होते. गोरे, गुलाम आणि या दोहोंच्या मध्ये गुलाम नसलेले मिश्रवर्णीय लोक. फ्रेंच आणि स्पॅनिश पुरुषांना आफ्रिकी स्त्रियांपासून झालेली ही प्रजा. या संबंधांची रसभरित वर्णनं करायची त्या शहरात पुष्कळ हौस होती, अजूनही आहे. पण ज्या बाईला मालकाला नाही म्हणायचा अधिकारच नाही, तिच्या बाबतीत प्रेम, राजीखुशी हे शब्द वापरताना जीभ अडखळली पाहिजे. तरीही काही बापांनी मुलांना गुलामीतून मुक्त केलं, शिकवलं, घरं नावावर करून दिली. स्पॅनिश अमदानीत गुलामाला पैसे साठवून स्वतःची सुटका विकत घेता येई, या सवलतीचाही अनेकांनी फायदा घेतला. १८०९ च्या सुमारास हैतीतल्या क्रांतीमुळे परागंदा झालेले आणि मधली काही वर्षं क्युबात काढलेले सुमारे नऊ हजार लोक या बंदरात उतरले. गोरे, मिश्रवर्णीय आणि गुलाम असे तिन्ही वर्गांचे लोक त्यांत होते. शहराची वस्ती जवळजवळ दुप्पट झाली आणि हा मधला थर आणखी जाड झाला.

या मधल्या लोकांत सुतार, गवंडी, शिंपी, सिगार वळणारे होते, तसे कवी आणि संगीतकारही होते. पॅरिसला जाऊन शिकून आलेले होते. घरात फ्रेंच बोलायचे, कॅथलिक चर्चमध्ये जायचे, ट्रेमे भागात स्वतःच्या घरांत राहायचे आणि स्वतःला क्रिओल म्हणवायचे. त्यांच्यातल्या काहींनी स्वतः गुलाम पाळले होते, हेही इथेच सांगायला हवं. त्यांना गोऱ्याशी कायदेशीर लग्न करता येत नसे, मतदान करता येत नसे. आणि त्यांच्या रक्ताचा हिशेब सरकारदरबारी, चर्चच्या दप्तरात चोख ठेवला जाई. आई-बापांपैकी एक काळा असेल तर म्युलाटो, आजी-आजोबांपैकी एक असेल तर क्वाड्रून, पणजी-पणजोबांपैकी एक असेल तर ऑक्टोरून. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात कोणत्या वर्णाच्या पुरुषापासून कोणत्या वर्णाच्या स्त्रीला झालेली संतती कोणत्या जातीची, याची जी लांबलचक जंत्री आहे ती ज्याने वाचली असेल, त्याला या नोंदी पाहून नवल वाटणार नाही. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेतही हे तिन्ही प्रकार वेगवेगळे मोजायचा हुकूम निघाला होता.

होमर प्लेसी या मधल्या थरातला. त्याचा आजा जर्मेन प्लेसी हा बोर्दो शहरचा गोरा फ्रेंच माणूस. त्याने कॅथरीन मॅथ्यू या स्वतंत्र मिश्रवर्णीय बाईबरोबर संसार केला. लग्नाला कायद्याची मनाई होती, पण आठ मुलं झाली. त्यांतला एक मुलगा सुतार झाला आणि त्याच्या पोटी अमेरिकन यादवी युद्ध चालू असताना होमर जन्मला. त्याची आई रोझा शिवणकाम करायची. न्यू ऑर्लिन्स १८६२ मध्येच उत्तरेच्या फौजांच्या हाती पडलं होतं. त्यामुळे होमरला कळू लागलं तेव्हा शहरात वेगळंच वारं वाहत होतं. घोड्यांच्या ट्रामगाड्यांत काळ्यांसाठी ताऱ्याची खूण केलेल्या वेगळ्या गाड्या असत. लोकांनी त्यांविरुद्ध एवढा गोंधळ घातला की १८६७ मध्ये त्या बंद कराव्या लागल्या. १८६८ च्या राज्यघटनेने सरकारी शाळा सर्व वर्णांच्या मुलांना खुल्या केल्या. १८७२ च्या डिसेंबरात पिंचबॅक हा मिश्रवर्णीय पुढारी काही आठवडे का होईना, राज्याच्या गव्हर्नरपदी बसला. होमरचा बाप तो लहान असतानाच वारला. त्याच्या आईने दुसरं लग्न केलं ते व्हिक्टर दुपार या माणसाशी. काळ्या-गोऱ्यांनी मिळून राज्य चालवावं, अशी जी चळवळ १८७३ मध्ये शहरात उभी राहिली तिच्या जाहीरनाम्यावर या सावत्र बापाची सही आहे. पोरगा वाढला तो अशा घरात.

हे १८७३ साल मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे. जोतीराव फुल्यांनी त्याच वर्षी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. काळ्यांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जो स्वार्थत्याग केला त्याबद्दलची ती कृतज्ञता होती, आणि आपल्या शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी इथल्यांनीही तो कित्ता गिरवावा ही अपेक्षा. पुण्यातून पाहताना अमेरिकेत लढाई जिंकलेली दिसत होती. लुईझियानात ती हरायला लागली होती. त्याच वर्षीच्या एप्रिलात, ईस्टरच्या रविवारी, राज्यातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून हत्यारबंद गोऱ्यांनी कचेरीवर हल्ला केला आणि कित्येक डझन काळ्यांना ठार मारलं. त्यांतले बरेचसे शरण आल्यानंतर मारले गेले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७६ मध्ये आरोपी सुटले. १८७७ मध्ये उरलीसुरली केंद्रीय फौज दक्षिणेतून उठली. जुने मालक पुन्हा सत्तेवर आले आणि शाळांत पुन्हा भिंती पडल्या.

मग आला १८९० चा वेगळ्या डब्यांचा कायदा. कंपनीने दोन्ही वर्णांसाठी ‘समान पण वेगळे’ डबे ठेवावेत. कोणी कुठे बसायचं हे कंडक्टरने ठरवावं. न ऐकणाऱ्याला पंचवीस डॉलर दंड किंवा वीस दिवस कैद. रेल्वे कंपन्यांना हा कायदा मुळीच आवडला नव्हता, कारण दोन काळे उतारू असले तरी त्यांच्यासाठी एक जास्तीचा डबा ओढायचा खर्च त्यांच्याच बोडक्यावर. कायद्यात एक अपवाद मात्र आठवणीने घातला होता. गोऱ्या मुलांना सांभाळणाऱ्या काळ्या आयांना तो लागू नव्हता. आई-बापांशेजारी, मऊ गादीवर, मांडीवर मूल घेऊन बसलेल्या आयेच्या रंगाचा कोणाला त्रास होत नव्हता. तीच बाई स्वतःच्या पैशाने तिकीट काढून, स्वतःचं मूल घेऊन आली की तिने दुसरा डबा गाठायचा. या कायद्याच्या समर्थनार्थ जी पानंच्या पानं पुढे लिहिली गेली ती सगळी या एका ओळीपुढे खोटी ठरतात. टूरजेनेही सर्वोच्च न्यायालयात नेमकं याच ओळीवर बोट ठेवलं.

मिश्रवर्णीयांपुढे आता दोन वाटा होत्या. एक वाट चुपचाप निघून जायची. जॉर्ज हेरिमन हा पुढे ‘क्रेझी कॅट’ या चित्रमालिकेमुळे जगप्रसिद्ध झालेला व्यंगचित्रकार, न्यू ऑर्लिन्समध्ये १८८० साली जन्मला. त्याचा बाप शिंपी होता. १८९० च्या सुमारास हे कुटुंब उठून लॉस एंजेलिसला गेलं आणि तिथे गोरं म्हणून राहिलं. हेरिमन १९४४ मध्ये वारला तेव्हा त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘कॉकेशियन’ लिहिलं गेलं. जन्माच्या दाखल्यावरचा ‘कलर्ड’ हा शब्द लोकांसमोर यायला १९७१ साल उजाडावं लागलं. अशी माणसं हजारोंनी होती. गावात त्यांना ‘पास ब्लाँ’ म्हणत आणि त्यांच्याविषयी बोलताना आवाज खाली आणत. त्यांना दोष द्यायला मन धजत नाही. पण त्यांना त्याची किंमत मोजावी लागली ती फार मोठी. मागे राहिलेली आई सावळी असेल तर तिला भेटायला येता येत नसे.

दुसरी वाट लढायची. त्यातही एक मोह होता. आम्ही वेगळे, आम्ही अर्धे-पाऊण गोरे, आमची गणती या शेतमजुरांत कशाला करता, असं म्हणून स्वतःपुरती सवलत मागता आली असती. शहराच्या जुन्या तीन-थरी रचनेला ते धरूनच झालं असतं. काही सावळ्या लोकांना समितीविषयी नेमका हाच संशय होता आणि तो त्यांनी बोलूनही दाखवला. समितीने मात्र तसं काही मागितलं नाही. तिने संपूर्ण कायदाच रद्द करा म्हटलं, सगळ्यांसाठी. अठरा जणांच्या या समितीत शिडं शिवणारा अध्यक्ष आर्थर एस्तेव्ह होता, जकात खात्यात कारकुनी करणारा रोदोल्फ देदून होता, व्यापारी आणि शिक्षक होते. त्यांनी मंडळामंडळांतून, गुत्तेदारांकडून, अगदी थोडक्या मिळकतीच्या लोकांकडून वर्गणी जमवली. मला या माणसांचं मोठेपण इथे दिसतं. त्यांच्यातल्या अनेकांना त्या गाडीत कोणी हटकलंही नसतं.

पहिला माणूस म्हणून रोदोल्फचा मुलगा डॅनियल पुढे आला. २४ फेब्रुवारी १८९२ ला तो शेजारच्या अलाबामा राज्यातल्या मोबीलचं पहिल्या वर्गाचं तिकीट काढून गाडीत बसला. रेल्वे कंपनीशी आधीच बोलणं झालेलं होतं, त्यामुळे ठरल्याप्रमाणे त्याला अटकही झाली. पण दोन राज्यांमधल्या प्रवासाला लुईझियानाचा कायदा लागूच होत नाही, असं निष्पन्न झालं आणि खटला निकालात निघाला. जिंकूनही मूळ प्रश्न तिथेच राहिला. आता राज्याच्या आतल्या आत जाणारी गाडी हवी होती.

७ जून १८९२, मंगळवारची दुपार. रॉयल स्ट्रीट आणि प्रेस स्ट्रीट जिथे मिळतात तिथल्या स्टेशनातून सव्वाचारला ईस्ट लुईझियाना रेल्वेची गाडी पाँचरट्रेन सरोवरापलीकडच्या कोव्हिंग्टनला निघायची. होमर प्लेसी पहिल्या वर्गाचं तिकीट घेऊन गोऱ्यांच्या डब्यात बसला. तिशीच्या उंबरठ्यावरचा, जोडे बनवणारा कारागीर. आठ हिश्शांपैकी सात हिस्से गोरा. समितीत तो नव्हता. मोहल्ल्यातल्या एका शैक्षणिक-सामाजिक मंडळाचा तो काही काळ उपाध्यक्ष होता, एवढंच त्याचं सार्वजनिक आयुष्य. त्याच्याकडे पाहून कोणाला काही कळणं शक्य नव्हतं. म्हणून कंडक्टर डाउलिंगने त्याला विचारलं, तू कलर्ड आहेस का? तो हो म्हणाला. पलीकडच्या डब्यात जा. तो नाही म्हणाला. गाडी थांबवली गेली. समितीने स्वतःच पैसे देऊन आणलेला खाजगी गुप्तहेर ख्रिस केन तिथे हजर होताच, त्याने प्लेसीला खाली उतरवून पोलीस ठाण्यावर नेलं. डब्यांच्या कायद्याखालीच गुन्हा नोंदला जावा, दंगाधोपा वगैरे भलतं कलम लागू नये, यासाठी केनला आणलं होतं. त्या संध्याकाळी समितीची माणसं ठाण्यावर गेली आणि पाचशे डॉलरच्या जामिनावर त्याला सोडवून आणलं.

हे सगळं आधी बसवलेलं होतं म्हणून त्याचं मोल कमी होत नाही. उलट त्यातूनच कायद्याचं बिंग बाहेर पडतं. कंडक्टरला डोळ्यांनी दिसलं नाही, कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. प्लेसीने स्वतः हो म्हटलं म्हणून तो काळा ठरला. तो नाही म्हणाला असता तर कोव्हिंग्टनला पोचला असता.

खटला ज्याच्यापुढे चालला तो न्यायाधीश जॉन हॉवर्ड फर्ग्युसन मूळचा उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्सचा. राज्याच्या हद्दीत चालणाऱ्या रेल्वेचं नियमन राज्याने करावं, असं म्हणून त्याने कायदा ग्राह्य धरला. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानेही तेच म्हटलं. वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयात अपील गेलं आणि तीन वर्षांहून जास्त काळ पडून राहिलं. टूरजेला घाई नव्हती. १८९३ मध्ये त्याने मार्टिनेटला कळवलं की नऊ न्यायमूर्तींपैकी खात्रीने आपल्या बाजूचा एकच आहे, तेव्हा वारं फिरायची वाट पाहू. वारं फिरलं नाही.

टूरजेविषयी थोडं सांगायला हवं, कारण मराठीत त्याचं नाव कुठे येत नाही. एका डोळ्याने आंधळा, युद्धात पाठीला दुखापत झालेला हा ओहायोचा माणूस युद्धानंतर नॉर्थ कॅरोलायनात जाऊन न्यायाधीश झाला आणि कू क्लक्स क्लॅनच्या धमक्यांना भीक न घालता वर्षानुवर्षं तिथे टिकला. त्या अनुभवावरची त्याची कादंबरी तुफान खपली. प्लेसीच्या खटल्यात त्याने एक पैसा घेतला नाही. त्याचा युक्तिवाद आजही वाचावा असा आहे. लाल केसांच्या लोकांना वेगळा डबा कराल का? काळ्यांनी रस्त्याच्या एका बाजूने चालावं, घरांना अमुकच रंग द्यावा, असे कायदे उद्या कराल का? मग तो मुद्द्यावर येतो. ज्या देशात गोरा म्हणून ओळखलं जाणं हीच नोकरी, धंदा, प्रतिष्ठा यांची किल्ली आहे, तिथे ती ओळख ही मालमत्ताच झाली. ती मालमत्ता रेल्वेच्या कंडक्टरने, चौकशी-सुनावणीशिवाय, एका नजरेत काढून घ्यायची? आणि रक्ताचा हिशेब कोणत्या पुराव्याने करायचा? सात हिस्से गोरे असताना एका हिश्शाने माणूस काळा कसा ठरतो आणि सात हिश्शांनी गोरा का ठरत नाही?

१८ मे १८९६ ला निकाल लागला. सात विरुद्ध एक. एक न्यायमूर्ती घरगुती दुःखामुळे सुनावणीत नव्हता. बहुमताचा निकाल हेन्री बिलिंग्ज ब्राउनने लिहिला. तोही मॅसॅच्युसेट्सचाच. त्याने म्हटलं की डबे वेगळे केल्याने काळ्यांवर हीनतेचा शिक्का बसतो असं त्यांना वाटत असेल, तर तो अर्थ त्यांनीच लावून घेतलेला आहे. अस्पृश्यांना वेगळी विहीर बांधून दिली की तक्रार कसली, असं म्हणणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींचा सूर याहून निराळा नसे. मालमत्तेच्या मुद्द्यावर त्याचं उत्तर आणखी वाईट आहे. माणूस गोरा असेल आणि त्याला चुकून काळ्यांच्या डब्यात घातलं असेल, तर त्याने कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावावा. माणूस काळा असेल, तर गोरा म्हणवण्याचा त्याला हक्कच नव्हता, मग त्याचं गेलं काय? आणि काळा कोण? ते ज्याचं त्याचं राज्य ठरवील. काही राज्यांत रक्ताचा मागमूस पुरे होतो, काहींत तीन चतुर्थांश गोरं रक्त असलं की चालतं, हे न्यायालयाने स्वतःच निकालात लिहून ठेवलं आणि त्यावर काहीही न ठरवता ते पुढे गेलं. म्हणजे एकच माणूस आगगाडीत झोपून एका राज्यातून दुसऱ्यात गेला तर जागा होईपर्यंत त्याचा वंश बदललेला असू शकत होता, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला त्यात काही गैर दिसलं नाही.

विरोधात उभा राहिलेला एकटा जॉन मार्शल हार्लन केंटकीचा होता, गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातला. तरुणपणी त्याने गुलामी संपवायला विरोधच केला होता. राज्यघटना रंग ओळखत नाही, या देशात वरची जात नाही, असं त्याने लिहिलं आणि हा निकाल पुढे देशाला फार महागात पडेल असं बजावलं. रंगाबाबत आंधळ्या कायद्याची ही कल्पना टूरजेच्याच लेखी युक्तिवादात आधी येऊन गेलेली होती. हार्लनचं हे मत पुढे शाळाशाळांत शिकवलं गेलं, पण त्यातलीच चिनी लोकांविषयीची ओळ सहसा वगळली जाते. ज्यांना आपण नागरिकही होऊ देत नाही त्या चिन्यांना गोऱ्यांच्या डब्यात बसता येतं आणि देशासाठी लढलेल्या काळ्यांना नाही, असा त्याचा मुद्दा होता. एका माणसासाठी दार उघडताना त्याने दुसऱ्याला बाहेर ढकललं. त्याच्याविषयीचा आदर ठेवूनही ही ओळ वाचायला हवी.

त्या वेळी या निकालाची बातमी मोठी झाली नाही. न्यू यॉर्क टाइम्सने ती रेल्वेच्या घडामोडींच्या सदरात छापली. जानेवारी १८९७ मध्ये प्लेसीने न्यू ऑर्लिन्सच्या कोर्टात गुन्हा कबूल केला आणि पंचवीस डॉलर भरले. समितीने उरलेले पैसे धर्मादाय संस्थांना वाटून टाकले आणि स्वतःला विसर्जित केलं. ‘क्रुसेडर’ही बंद पडलं. रोदोल्फ देदूनने पुढे आपल्या लोकांचा इतिहास फ्रेंचमध्ये लिहिला. तो १९११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याची दृष्टी गेली होती. हरणार हे दिसत असतानाही लढलो ते योग्यच केलं, असं त्याने त्यात ठामपणे लिहून ठेवलं आहे. प्लेसीने नंतर मजुरी केली, गोदामात काम केलं, शेवटी काळ्यांच्या एका विमा कंपनीचे हप्ते गोळा करत दारोदार हिंडला. १९२५ मध्ये तो वारला.

निकालाने रान मोकळं झालं. १८९८ मध्ये लुईझियानाने नवी राज्यघटना केली. लिहिता-वाचता येणं, मालमत्ता असणं या अटी घातल्या आणि ज्याचा बाप किंवा आजा १८६७ पूर्वी मतदार होता त्याला त्यांतून सूट दिली. गुलामाचा नातू या सुटीत बसणं शक्यच नव्हतं. १८९६ मध्ये राज्यात १,३०,३३४ काळे मतदार होते, १९०० मध्ये ५,३२० उरले. मधला थर तर नकाशावरूनच पुसला गेला. १९३० च्या जनगणनेत गणनाधिकाऱ्यांना स्पष्ट सूचना होती की आफ्रिकी रक्ताचा अंश कितीही थोडा असो, माणूस निग्रो म्हणूनच लिहायचा. जुन्या क्रिओलांनी अभिमानाने सांभाळलेल्या फ्रेंच आडनावांना, चर्चमधल्या नोंदींना, घरातल्या तैलचित्रांना आता काही अर्थ उरला नाही.

या हिशेबाची हद्द न्यू ऑर्लिन्सच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात पाहायला मिळते. १९४९ ते १९६५ तिथे नेओमी ड्रेक नावाची अधिकारी होती. दाखल्यासाठी आलेल्या अर्जावर ठराविक क्रिओल आडनाव दिसलं की ती तो बाजूला काढायची आणि वंशावळ खणायला लावायची. वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या बातम्याही ती तपासायची. मेलेला स्वतःला गोरा म्हणवत असेल, पण नातेवाइकांत काळे असतील किंवा अंत्यविधी काळ्यांच्या संस्थेने केला असेल, तर तिच्या दप्तरी तो काळा. हजारो अर्ज तिने असे अडवून धरले. बाळाचा दाखला हातात नाही म्हणून शाळेत नाव घालता येत नाही, अशी आई-बापांची रांग तिच्या टेबलापुढे असायची. पुढे १९७० मध्ये विधिमंडळाने ‘सुधारणा’ म्हणून नवा कायदा केला. एक बत्तिसांशापेक्षा जास्त काळं रक्त असेल तरच माणूस काळा. १९७७ मध्ये लुईझियानातली एक बाई पासपोर्ट काढायला गेली. आयुष्यभर गोरी म्हणून वाढलेली, गोऱ्याशी लग्न झालेली, तिच्या जन्माच्या दाखल्यावर ‘कलर्ड’ निघालं. तिने राज्यावर खटला भरला. राज्याने वंशावळतज्ज्ञ नेमून तिच्या अठराव्या शतकातल्या पूर्वजांपर्यंत शोध घेतला, मार्गारिटा नावाची गुलाम बाई सापडली आणि बत्तिसातले तीन हिस्से काळे असं गणित कोर्टात मांडण्यात आलं. ती हरली. त्या खटल्याने झालेल्या नाचक्कीमुळे १९८३ मध्ये राज्याने तो कायदा मात्र रद्द केला. तोवर माणसं चंद्रावर जाऊन आलेली होती.

‘समान पण वेगळे’ या तत्त्वाचा पाया सर्वोच्च न्यायालयातल्या १९५४ च्या ब्राउन खटल्याने शाळांपुरता उखडला गेला. पण १९६० मध्ये रुबी ब्रिजेस ही सहा वर्षांची मुलगी न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्यांच्या शाळेत जायला निघाली तेव्हा तिला केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात जावं लागलं. गोऱ्या पालकांनी आपली पोरं शाळेतून काढून नेली आणि वर्षभर ती वर्गात एकटीच शिकली. २००० सालापासून जनगणनेत एकाहून जास्त वंशांवर खूण करता येते. २०२० मध्ये ३ कोटी ३८ लाख अमेरिकनांनी तशी ती केली. गोऱ्या आईचा मुलगा असलेल्या बराक ओबामांनी २०१० मध्ये काळा या एकाच रकान्यावर खूण केली. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. ज्या देशात रकाने सरकारने आणि कंडक्टरांनी भरले तिथे कोणी तो स्वतःच्या हाताने भरला, तर त्याच्याकडे खुलासा मागायचा अधिकार कोणाला आहे?

प्लेसी आणि फर्ग्युसन या दोन्ही घराण्यांतल्या वारसांनी २००९ मध्ये एकत्र येऊन संस्था काढली आणि त्या स्टेशनाच्या जागी फलक बसवला. ५ जानेवारी २०२२ ला, त्याच जागेजवळ, गव्हर्नर जॉन बेल एडवर्ड्सने प्लेसीला मरणोत्तर माफी दिली. सव्वाशे वर्षांनी पंचवीस डॉलरचा गुन्हा पुसला गेला. झालं ते चांगलंच झालं. पण १८९८ च्या ज्या घटनेने काळ्यांची मतं हिरावली, तिनेच आणखी एक गोष्ट केली होती. बारा ज्युरींचं एकमत नसलं तरी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायची मुभा दिली, म्हणजे ज्युरीत एखाद-दुसरा काळा असला तरी त्याच्या मताने काही अडू नये. ही तरतूद थोड्याफार फरकाने २०१८ पर्यंत चालू होती. लोकांनी ती मतदानाने रद्द केली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती घटनाबाह्य ठरवली, तरी आधीच शिक्षा झालेल्यांना त्याचा लाभ दिला नाही. तो द्यायचा की नाही हे राज्याच्या हाती होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे प्लेसीच्या माफीनंतर नऊ महिन्यांनी, लुईझियानाच्या वरिष्ठ न्यायालयाने नाही म्हटलं. अशा ज्युरींनी दोषी ठरवलेले शेकडो कैदी, बहुतेक काळे, त्या दिवशी राज्याच्या तुरुंगांत होते.